डावीकडची काच

१

मे महिन्याचा तिसरा आठवडा इतरांच्या घरी पापड-कुरडयांचा असतो, आमच्याकडे वायपरचा. बाबांची चौसष्ट सालची फियाट दहिवलीच्या आमच्या बंगलीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. दर मे महिन्यात तिचे वायपर मुळापासून खोलले जातात, रॉकेलने धुतले जातात आणि ग्रीस लावून परत बसवले जातात, मग ते बिघडलेले असोत किंवा नसोत. बाबा म्हणजे हेमचंद्र, वय अठ्ठ्याहत्तर. खोपोलीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्सला होते आणि ह्याच गाडीने रोज जाऊन-येऊन करायचे. बिघडल्यावर यंत्र उघडणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही.

कामाची पद्धत ठरलेली. शेडच्या फरशीवर जुना पेपर पसरायचा, त्यावर निळ्या पेन्सिलीने गोल काढायचे आणि गोलांत नंबर घालायचे. निघालेली वस्तू त्या त्या गोलात. एक-दोनला रबराची पाती, तीन-चारला ती धरणारे हात, पाच-सहाला ते हात ज्यांवर चढतात त्या स्पिंडलचे चकचकीत नट, मग वायसर, रबरी चकत्या, मोटर, दांड्या असं करत अठरापर्यंत. बसवताना अठरापासून उलटं एकपर्यंत यायचं. पेपर रिकामा झाला की काम झालं.

मी आसावरी. कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवते, लग्न केलं नाही, आणि आई गेल्यापासून सहा वर्षं बाबांबरोबर राहते. दोन वर्षांपूर्वी बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग मी. मला बरेचदा पद्मजा म्हणायचे. ते आईचं नाव. मी ओ द्यायचे.

ह्या वर्षी धाकट्या भावाने, अजेयने, पुण्यात अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था बघून ठेवली होती. मी फोनवर कडाकडा भांडले. भांडून दमल्यावर तो म्हणाला, ठीक आहे ताई, बाबांनी वायपरचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने केलं तर मी वर्षभर विषय काढणार नाही. नाही जमलं, तर तू अडवायचं नाहीस. रविवारी तो बघायला येणार होता. मी अट मान्य केली, कारण मला खात्री होती. बाबा माझं नाव विसरतील, पण सहा नंबरच्या गोलात काय असतं ते विसरणार नाहीत.

२

मंगळवारी सकाळी खोलायला घेतलं. बाबांनी आधी बॅटरीच्या वायरी काढल्या, म्हणजे मध्येच काही चालू व्हायला नको. मग पाती, हात, नट. दुपारी ते डॅशबोर्डाखाली पाठीवर झोपून मोटरचे बोल्ट काढत होते आणि मी टॉर्च धरून होते. टॉर्च हलला की ओरडा बसायचा. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पोरांना ओरडून ओरडून घसा बसलेली, आणि इथे टॉर्च धरता येत नाही म्हणून बोलणी खातेय. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

रात्रीच्या जेवणाआधी अठरा वस्तू अठरा गोलांत होत्या. मी गाडीची दारं लावली आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. दुसरी किल्ली अजेयकडे पुण्याला असते.

बुधवारी सकाळी शेडमध्ये झाडू मारायला गेले तर समोरच्या काचेवर डाव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरशेजारी माणूस बसतो तिथे, एक स्वच्छ अर्धगोल दिसला. आमच्या रस्त्यावर काँक्रीटचं काम चालू आहे, सगळ्या दहिवलीवर बारीक करडी धूळ बसलेली असते. काचही तशीच होती, तेवढा एक भाग सोडून. वायपर फिरला की जसा होतो तसाच, कडा रेखीव.

वायपर खाली पेपरवर होते. एक, दोन, तीन, चार.

आमच्याकडे कामाला डोंगराखालच्या वाडीवरून सोनुबाई येते. मी तिला विचारलं, काच कशाला पुसलीस, बाबांचं काम चालू असताना तिथल्या कशाला हात लावायचा नाही. तिने करवंदांची पाटी ओट्यावर ठेवली, शेडमध्ये जाऊन बघून आली आणि म्हणाली, "मी नाय पुसली, ताय. आन् पुसायची तं पुरी पुसंन, अशी अर्धी कशाला पुसू?"

ते मला पटलं. सोनुबाई अर्धी कामं करत नाही. मग बाबांनी पुसली असेल, असं म्हणून मी विषय संपवला.

३

पण संपवलेला विषय डोक्यात राहतोच. दुपारी मी ओलं फडकं घेऊन गेले आणि बाहेरून काच पूर्ण पुसली. धूळ गेली, अर्धगोल गेला नाही. उलट जास्त स्पष्ट झाला, कारण त्याच्या भोवतीची धूळ आतल्या बाजूला होती. काच आतून पुसली होती.

मी किल्ली आणली, दार उघडलं आणि आत वाकून बघितलं. शेजारची सीट, आईची, तिच्यावर जुना पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. काही हललेलं नव्हतं. आत थोडं गार वाटलं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बंद गाडी आतून भट्टी व्हायला हवी. मी दार जरा वेळ उघडं ठेवलं आणि ती गरम झाली. तेव्हा जरा बरं वाटलं.

विज्ञानाच्या बाईने करायचं ते मी केलं. काचेला आतून साबणाच्या पाण्याचा हात दिला. वाळल्यावर काच दुधी झाली, पलीकडचं काही दिसेना. दारं लावली, चारही ओढून बघितली, किल्ली ब्लाउजमध्ये खोचली. कुणी आत हात घातला तर कळणारच होतं. मनात म्हटलं, बाबांनी काही युक्ती शोधून ठेवली असेल तर तीही सापडेल.

जेवणं झाली. बाबा दिवाणावर आडवे झाले आणि घोरायला लागले. सोनुबाई घरी गेलेली. मी त्यांच्या पायाशी बसून उत्तरपत्रिका तपासत होते. दोनच्या सुमाराला शेडच्या बाजूने आवाज यायला लागला. कोरड्या काचेवर रबर घासल्यासारखा. एकदा जाऊन, थांबून, परत. अगदी सावकाश, घाई नसलेला.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्यासमोर झोपले होते. त्यांचे दोन्ही हात पोटावर होते आणि मी ते हात आवाज थांबेपर्यंत बघत राहिले.

मग शेडमध्ये गेले. दुधी काचेत डावीकडे तेवढाच अर्धगोल. त्यातून आत नुसता टॉवेल दिसत होता. दारं चारही लागलेली.

४

संध्याकाळी बाबा रॉकेलच्या डब्यात दांड्या धूत बसले होते. मी स्टूल घेऊन शेजारी बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, काच कोण पुसतं?

त्यांनी दांडीवरून मान वर केली नाही. "त्याला दिसत नाही ना पुढचं. म्हणून पुसतो."

"कोण?"

"बसलाय तो."

डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, ह्या आजारात माणसं दिसतात. वाद घालायचा नाही, हो म्हणायचं. मी हो म्हटलं. मग विचारलं, कधीपासून बसलाय? बाबा म्हणाले, ते काही त्यांनी विचारलं नाही, पण माणूस शांत आहे, त्रास देत नाही. वायपर बसले की तो निघणार आहे. त्यांनाही विचारत होता, येताय का म्हणून.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, काम पुरं होऊ दे." बाबांनी दांडी फडक्यावर ठेवली, आणि बोटं पुसली. "हातातलं काम अर्धं टाकून मी कुठे जात नाही, पद्मजा."

मी उठून घरात आले आणि आमटीला फोडणी दिली. मोहरी जळाली. मी स्वतःला समजावत होते की आजार आजाराच्या जागी आहे, काच काचेच्या जागी, दोन्हींचा संबंध लावायची गरज नाही. वर्गात मी पोरांना हेच सांगते, दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. पोरं मान डोलवतात. मी काही डोलवली नाही.

५

गुरुवारी आणि शुक्रवारी बाबांनी सगळं धुऊन, पुसून, ग्रीस लावून परत गोलांत ठेवलं. काम इतकं नीट चाललं होतं की एरवी मी अजेयला फोटो पाठवले असते. दुपारी दोनचा आवाज रोज येत होता. शुक्रवारी तो जरा लवकर सुरू झाला.

शनिवारी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी शेडमध्ये गेले आणि सहा नंबरच्या गोलातला नट उचलून मुठीत घेतला. डावीकडच्या स्पिंडलचा नट. तो नसेल तर तो वायपर बसत नाही आणि काम पुरं होत नाही. काम पुरं झालं नाही तर बाबा कुठे जाणार नाहीत.

मला माझं हसू आलं. भुताला घाबरून नट चोरणारी विज्ञानाची बाई. शाळेत कळलं तर पोरं वर्षभर मिटक्या मारत सांगतील. पण मी नट परत ठेवला नाही. पुण्याची संस्था त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. ती रात्री जेवताना आठवली, आणि मी ताट सारून उठले. नट दिला तर बाबा त्या गाडीतल्याबरोबर जाणार, न दिला तर अजेयबरोबर.

६

रविवारी अजेय सकाळी दहाला आला. बाबांच्या पाया पडला, शेडमध्ये खुर्ची टाकून बसला, मोबाईल खिशात ठेवला. मनाने वाईट नाही तो. त्यालाही आत कुठेतरी बाबा जिंकायला हवे होते.

बाबांनी अठरापासून सुरुवात केली. स्पिंडल, दांड्या, मोटर. डॅशबोर्डाखाली ते अर्धा तास होते आणि अजेय टॉर्च धरून होता. त्यानेही ओरडा खाल्ला आणि माझ्याकडे बघून हसला. रबरी चकत्या झाल्या, वायसर झाले. मग बाबांचा हात सहाच्या गोलावर गेला आणि रिकाम्या पेपरवर टेकला.

त्यांनी पेपर उचलून खाली बघितलं. खिसे चाचपले. रॉकेलच्या डब्यात दोन बोटं फिरवली. मग गुडघ्यांवर बसून गाडीखालची फरशी हाताने चाचपायला लागले, अगदी पद्धतशीर, एका कोपऱ्यापासून. दहा मिनिटं झाली. अजेय माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत विजय नव्हता, दुःख होतं.

बाबा खालीच बसून म्हणाले, "ठेवला होता मी. सहात ठेवला होता." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. हल्ली चुकतं माझं."

आयुष्यात मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. इतकं नीट काम करणाऱ्या माणसाला मी वेडं ठरवत होते, तेही त्याच्या एकुलत्या एका शाबूत कोपऱ्यात. मी पुढे झाले आणि नट त्यांच्या तळहातावर ठेवला.

"तुमचं काही चुकलं नाही बाबा. मी घेतला होता."

अजेय काहीतरी बोलणार होता, बाबांनी त्याला हाताने थांबवलं. नट उजेडात धरून आटे बघितले. मग मला म्हणाले, "काम करणाऱ्याचा नट लपवू नये, बाळ." एवढंच. आणि तो डाव्या स्पिंडलवर चढवला.

७

बॅटरीच्या वायरी जोडल्या. आधी मोटर नुसतीच फिरवून तिला तिच्या जागी थांबू द्यायचं आणि मगच हात चढवायचे, हे बाबांनी अजेयला दोनदा समजावलं. हात चढले, पाती बसली. पेपर रिकामा झाला. बाबांनी त्याची घडी घातली.

अजेय म्हणाला, हरलो ताई मी, आणि त्याला मनापासून आनंद झाला होता. गाडी काढू या, पळसदरीपर्यंत एक फेरी मारू या म्हणाला. तो ड्रायव्हरच्या जागी बसला आणि आपल्यापुढची दुधी काच तेवढी आतून रुमालाने पुसली. मी गाडीसमोर उभी होते. बाबांनी बादलीतलं तांब्याभर पाणी काचेवर ओतलं आणि अजेयने बटण ओढलं.

वायपर फिरले. दुधी, धुळकट काच गढूळ पाण्याने भरली आणि एका खेपेत डावीकडचा अर्धगोल साफ झाला. त्यातून मला टॉवेलवर टेकलेले दोन गुडघे दिसले आणि गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतो ना माणूस, तसा. शेजारी अजेय खिडकीतून मान काढून मला हसत काहीतरी सांगत होता. वायपर परत आला, पाणी पसरलं, काच पुसली गेली. हात आता गुडघ्यांवर नव्हते. त्यातला एक काचेच्या आतून वर आलेला होता आणि कपाळावर आडवा धरलेला, उन्हात लांबचं बघताना धरतात तसा. त्याखालचा चेहरा दिसायच्या आत मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा बाबा मागचं दार उघडून आत बसत होते. पुढे का नाही बसत म्हणून अजेयने विचारलंही. मी बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी राहिले. अजेयने हॉर्न वाजवला. मी हलले नाही.

बाबांनी खिडकीची काच खाली केली. "बाजूला हो, आसावरी," ते शांतपणे म्हणाले.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव बरोबर घेतलं. ते पूर्ण शुद्धीत होते. त्यांना काय हवं ते त्यांना ठाऊक होतं, आणि हेच तर मी अख्खा महिना अजेयला ओरडून सांगत होते. मी बाजूला झाले.

८

चाळीस मिनिटांनी गाडी परत आली. बाबा पुढच्या सीटवर होते. वाटेत कुठे थांबला होतात का, असं मी अजेयला विचारलं, तर म्हणाला, कुठेच नाही. मग बाबा पुढे कसे आले? तो म्हणाला, ताई, ते पहिल्यापासून पुढेच बसले होते. पुढे का नाही बसत म्हणून त्याने स्वतःच विचारलं होतं, ते त्याला आठवतच नव्हतं.

ह्याला आता दोन महिने झाले. बाबा काही विसरत नाहीत. चष्मा जागेवर असतो. वार, तारीख, अजेयच्या मुलांचे वाढदिवस, सगळं पाठ. डॉक्टर म्हणाले असं क्वचित होतं, त्यांना कारण सांगता आलं नाही. अजेय रोज फोन करतो आणि आनंदाने रडवेला होतो, पुण्याचं नाव काढत नाही. मला ते प्रत्येक वेळी आसावरी म्हणतात. पद्मजा एकदाही म्हणाले नाहीत. पाना हातात घेत नाहीत, शेडकडे फिरकत नाहीत. दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि येणाजाणाऱ्यांकडे बघतात. सोनुबाई हल्ली गॅलरी झाडायला मला सांगते.

शेडमधल्या गाडीच्या मागच्या दाराची काच आतून पुसलेली असते. तिथे अर्धगोल नसतो. कोपऱ्यांसकट सगळी काच पुसलेली असते, काम अर्धं न टाकणाऱ्या माणसाने पुसावी तशी. मी तिथे जाऊन बसते, दिवसभराचं सांगते. आत बाबा आहेत असं मला वाटतं. वाटतं म्हणजे काय, मला माहीत आहे.

वायपर मी एकदा खोलून बसवले. पहिल्यांदा डावीकडच्या वायपरच्या हाताचा कोन चुकला, म्हणून परत खोलले. आता बरोबर बसलेत. पेपर रिकामा झालाय, गाडी चालू होते, पळसदरीपर्यंत मला नेता येईल. गॅलरीत बसलेल्याने फक्त परत पुढच्या सीटवर येऊन बसायला हवं.

रोज दुपारी मी गॅलरीत जाऊन विचारते, बाबा, एक फेरी मारून येऊ या का. ते माझ्याकडे वळून छान हसतात.

"तू जाऊन ये, आसावरी," म्हणतात. "मला इथून सगळं दिसतं."